निदानाविना दुरुस्ती

'दुरुस्ती' हा फारसीतून येऊन मराठीत रुळलेला शब्द एकाच क्रियेचे नाव असल्यासारखा वापरला जात असला, तरी त्यात दोन क्रिया एकत्र बांधलेल्या असतात. बिघाड नेमका कोठे व कशामुळे झाला आहे हे ओळखणे ही पहिली, आणि ओळखलेला बिघाड हाताने दूर करणे ही दुसरी. पहिलीला वैद्यकाच्या परिभाषेत निदान म्हणतात, आणि कारागिराची मजुरी ग्राहकाला स्क्रू पिळण्याचा मोबदला वाटत असली, तरी तिचा मोठा भाग या निदानासाठीच असतो. पंखा, गीझर, फ्रिज, मोबाइल अशा घरगुती वस्तूंच्या दुरुस्तीचे जे व्हिडिओ आज कोणालाही फुकट पाहता येतात, त्यांची मुख्य अडचण येथेच सुरू होते. ते दुसरी क्रिया उत्तम दाखवतात आणि पहिली बहुतेक वेळा व्हिडिओच्या शीर्षकातच उरकून टाकतात.

छताच्या पंख्याचे उदाहरण यासाठी पुरेसे बोलके आहे. पंखा मंद फिरू लागला की कॅपॅसिटर बदलण्याचा सल्ला मिळतो, आणि तो बऱ्याचदा बरोबरही असतो. कारण मोटरच्या दुसऱ्या वाइंडिंगमधील प्रवाहाचा ताल पहिल्यापासून थोडा वेगळा ठेवून पंख्याला फिरते करणारा, साधारण अडीच मायक्रोफॅरड क्षमतेचा हा डबीएवढा भाग कालांतराने अशक्त होतो. परंतु तोच मंदपणा बेअरिंग कोरडी पडल्याने, वाइंडिंग आतून जळाल्याने, रेग्युलेटर बिघडल्याने किंवा मुळात घरात येणारा विजेचा दाबच कमी असल्यानेही येतो. अनुभवी वायरमन वीज बंद करून आधी पाते हाताने फिरवतो, ते सहज फिरत राहते की लगेच अडते हे पाहतो, मोटरपाशी जळक्या व्हार्निशचा वास येतो का हे हुंगतो, आणि मगच स्क्रूड्रायव्हर हाती घेतो. व्हिडिओवर विसंबून एखाद्याने मोठ्या क्षमतेचा कॅपॅसिटर बसवला, तर पंखा काही काळ जोराने फिरतोही आणि त्या फिरण्यालाच दुरुस्ती मानले जाते. वाढलेल्या प्रवाहाने वाइंडिंग तापत राहते ते दिसत नाही, कारण पंखा फिरू लागताच व्हिडिओ संपलेला असतो.

आयुर्वेदाने रोग ओळखण्याची जी पाच साधने सांगितली आहेत, त्यांना निदानपंचक म्हणतात. रोगाचा हेतू म्हणजे निदान, तो प्रकट होण्यापूर्वीच्या खुणा म्हणजे पूर्वरूप, प्रकट लक्षणे म्हणजे रूप, औषध किंवा पथ्य दिल्यावर उतार पडतो की नाही यावरून केलेली परीक्षा म्हणजे उपशय, आणि दोष शरीरात कसकसा वाढत गेला तो क्रम म्हणजे संप्राप्ती. व्हिडिओच्या आधाराने यंत्र उघडणारा मनुष्य यांपैकी रूप आणि उपशय या दोहोंवरच भिस्त ठेवतो. एक लक्षण पाहून तो एक भाग बदलतो, गुण आला नाही की दुसरा बदलतो. उपशयाचा उपयोग विशेषतः गूढ, म्हणजे लक्षणांवरून न उलगडणाऱ्या रोगांत सांगितला आहे, आणि येथे मात्र तो पहिल्या पायरीवरच केला जातो. अशा प्रयोगांत मूळच्या बिघाडावर दोन-चार नवे बिघाड चढल्यानंतर ते यंत्र मेकॅनिककडे पोहोचते, तेव्हा संप्राप्तीचा माग पार पुसून गेलेला असतो. आधी कोणी तरी उघडलेले यंत्र मेकॅनिक नाखुशीने हाती घेतात, त्यामागे धंद्यातल्या असूयेपेक्षा हे कारण अधिक आहे.

प्रत्यक्ष हात चालवण्याची दुसरी क्रिया तरी केवळ पाहून पूर्णपणे शिकता येते काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानाला नवा नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांनी १९४९ मधील 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या ग्रंथात एखादी गोष्ट ठाऊक असणे आणि ती करता येणे यांत भेद केला. पुढे मायकेल पोलान्यी यांनी जाणत्याला स्वतःलाही शब्दांत मांडता येत नाही अशा ज्ञानाची, म्हणजे अव्यक्त ज्ञानाची, सविस्तर मीमांसा केली. मराठी बोलणाऱ्याला हा भेद समजण्यासाठी या ग्रंथांची फारशी गरज नाही, कारण 'पोहणे माहीत आहे' आणि 'पोहता येते' यांतला फरक ही भाषा क्रियापदातच बाळगून आहे, आणि कामावर 'हात बसणे' हा तिचा वाक्प्रचार ज्ञानाची जागा नेमकी कोठे असते तेही सांगतो. नट किती आवळावा हे याचे साधे उदाहरण. सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे असतात ही माहिती व्हिडिओ देऊ शकतो आणि ती फार उपयोगाची आहे. पण आवळण्याच्या शेवटच्या पाव फेऱ्यात पान्याला जो प्रतिकार जाणवतो, ज्याच्या पुढे गेल्यास आटे जातात आणि अलीकडे थांबल्यास नट सैल राहतो, तो पडद्यातून मनगटापर्यंत पोहोचत नाही.

पाहण्याने कौशल्य वाढत नाही, पण कौशल्याचा भास मात्र वाढतो, ही बाब मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून पुढे आली. नेम धरून डार्ट फेकण्याचा किंवा मूनवॉक या नृत्यप्रकाराचा व्हिडिओ वीस वेळा पाहणाऱ्यांना तो एकदाच पाहणाऱ्यांपेक्षा स्वतःच्या कामगिरीची खात्री अधिक वाटली, कामगिरी मात्र सरस झाली नाही. सोटे हवेत उडवून झेलण्याच्या कसरतीचा व्हिडिओ पाहिलेल्या प्रेक्षकांच्या हातात ते सोटे नुसते दिले, तेव्हा त्यांचा फुगलेला आत्मविश्वास उतरला. घरच्या दुरुस्तीत वस्तूचे वजन हाताला कळते ते झाकण उघडून झाल्यावर, आणि तोवर मागे फिरण्याची वेळ बहुधा टळलेली असते.

याहून गंभीर, आणि कमी चर्चिली गेलेली बाब अशी की व्हिडिओ एका ठिकाणी तयार होतो आणि भलत्याच ठिकाणी पाहिला जातो. अमेरिकेतील घरगुती वायरिंगमध्ये काळी तार ही फेजची, म्हणजे जिवंत तार असते आणि पांढरी न्यूट्रल. भारतातील प्रचलित वायरिंगमध्ये काळी तार न्यूट्रल असते आणि फेजसाठी लाल, पिवळी किंवा निळी येते, तर उपकरणांच्या नव्या वायरमध्ये तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल असते. म्हणजे एकच निळी तार भिंतीत जीव घेणारी आणि उपकरणाच्या वायरमध्ये न्यूट्रलची असू शकते. त्यात तिकडचा दाब १२० व्होल्ट आणि इकडचा २३० व्होल्ट. सांगणाऱ्याने काहीही खोटे सांगितलेले नसते, तरी ऐकणाऱ्याचा घात होऊ शकतो. स्थळासारखाच काळही दगा देतो. जुन्या फ्रिजमध्ये आर-१३४ए हा न पेटणारा गॅस असे, तर आजच्या अनेक फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू असतो. जुन्या व्हिडिओत बेधडक चालवलेली वेल्डिंगची ज्योत नव्या फ्रिजच्या नळीपाशी आग लावू शकते. व्हिडिओला मुदत संपल्याची तारीख नसते.

स्थळकाळ जुळले तरी काही धोके यंत्राच्या पोटातच असतात. मायक्रोवेव्ह ओव्हनमधील ट्रान्सफॉर्मर सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब निर्माण करतो आणि ओव्हनचा कॅपॅसिटर प्लग काढल्यानंतरही भारित राहू शकतो. हाच ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेने नक्षी जाळण्याचे व्हिडिओ लोकप्रिय झाल्यावर अमेरिकेत अनेकांचे प्राण गेले, आणि अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स या लाकूड कातणाऱ्यांच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत या प्रकाराला मनाई केली. २०२२ मध्ये अ‍ॅन रीअर्डन या ऑस्ट्रेलियन व्हिडिओकर्तीने या धोक्याचा इशारा देणारा व्हिडिओ केला, तेव्हा यूट्यूबने तो इशाराच घातक ठरवून काढून टाकला आणि ओरड झाल्यावर परत ठेवला. गाळणी यंत्राच्या हाती दिली की भुसा राहतो आणि धान्य वाहून जाते, ते असे. घरगुती युक्त्यांतही हेच घडते. गीझर फार तापल्यास वीज तोडणारा कटआउट पुन्हा पुन्हा पडतो म्हणून तो वगळून तार थेट जोडणे ही युक्ती दाखवायला दोन मिनिटे लागतात; कटआउट पडत होता तो थर्मोस्टॅट चिकटल्यामुळे असेल, तर या युक्तीने रोगाऐवजी पहारेकऱ्यालाच घालवलेले असते.

यावरून हे व्हिडिओ त्याज्य ठरत नाहीत. सर्व्हिस मॅन्युअल ग्राहकाला न देणाऱ्या, सुटे भाग महाग ठेवणाऱ्या उत्पादकांच्या काळात दुरुस्तीचे ज्ञान खुले करण्याचे मोठे काम त्यांनी केले आहे, आणि भारत सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमून संकेतस्थळ सुरू केले, त्यामागची गरज तीच आहे. आयटीआयमध्ये दोन वर्षे इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम केलेल्या तरुणाला एखाद्या नव्या मॉडेलचे झाकण कोठून उघडते हे व्हिडिओ पाच मिनिटांत सांगतो, तेव्हा त्याचा खरा उपयोग होतो, कारण त्याचा हात आधीच बसलेला असतो. नळाचा वायसर बदलणाऱ्या गृहस्थाने चूक केली तर फार तर पाणी सांडते. मात्र वीज, गॅस आणि फुगलेली लिथियम बॅटरी या तीन ठिकाणी अननुभवी माणसाने व्हिडिओ पाहून हात घालू नये, हे निरपवादपणे म्हणावे लागेल. आणि जे कारागीर मराठीत असे व्हिडिओ करतात, त्यांनी पहिले मिनिट बिघाड ओळखण्याला द्यावे, घरात येणारा दाब, तारांचे रंग आणि यंत्राचे साल स्पष्ट सांगावे, आणि काय दिसले तर झाकण परत लावून माणूस बोलवावा तेही दाखवावे.