अन्न आणि आरोप

गेल्या समाराधनेस हुबळीच्या एका देवळात आम्ही पंगतीस बसलो होतो. कडेला एक आई सात-आठ वर्षांच्या मुलीस मऊ भात कालवून भरवीत होती. मुलगी फारच रोड. दोन्ही हात धुतल्यासारखे एकमेकांवर सारखे चोळीत होती. वाढीत असलेल्या एक वृद्ध बाई थबकल्या नि म्हणाल्या, "अगे, हिला पोटभर घालीत नाहीस की काय?" बोलण्यात दुष्टपणा मुळीच नव्हता. परंतु न्यायालयात मुरलेल्या आमच्या कानांस तो प्रश्न वाटला नाही, आरोपपत्र वाटले.

मुलीच्या विकाराचे नाव रेट सिंड्रोम, हे मागाहून आईकडूनच कळले. व्हिएन्नाचे डॉक्टर आंद्रेआस रेट यांनी १९६६ साली वर्णिलेला हा विकार सुमारे दहा हजार मुलींत एकीस होतो. सहा ते अठरा महिन्यांपर्यंत मूल बहुधा ठीक वाढते. मग आलेले शब्द जातात, हातांची पकड जाते. भूक मात्र पुष्कळींची चांगली असते. पण चावण्या-गिळण्याची जुळणीच बिघडलेली. घास श्वासनलिकेत जाण्याचे भय, पोटात हवा भरते, बद्धकोष्ठ पाठ सोडीत नाही. हातांच्या अखंड चाळ्यानेच अन्न जळून जात असावे, असा एक तर्क होता. ह्यूस्टनच्या डॉक्टर कॅथलीन मोटिल व त्यांचे सहकारी यांनी शरीराचा खर्च प्रत्यक्ष मोजला, तेव्हा तो तर्क अपुरा ठरला. खर्च फारसा अधिक नव्हता; जमाच कमी पडत होती.

मग आरोप शाबीत झाला म्हणावयाचे काय? एकेका जेवणास तास तास बसणाऱ्या आईविरुद्ध? घास कमी जातो तो देणाऱ्या हातामुळे नव्हे.

दुसरा आरोप पूर्वजन्माचा. तो आपल्यात अधिक सभ्यपणे, म्हणजे पाठीमागे केला जातो. १९९९ साली हुडा झोग्बी यांच्या प्रयोगशाळेने या विकाराचे मूळ एका जनुकात दाखविले. हा बदल जवळजवळ नेहमी नव्यानेच घडतो, आणि तोही बहुधा पित्याच्या बीजात. म्हणून पिता आरोपी ठरतो असे मुळीच नव्हे. बीज घडताना होणारी ती चूक कोणाच्याही वर्तनाने घडत नाही. कर्मसिद्धान्त स्वतःचे आचरण तपासण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या लेकरास शिक्षा सुनावण्याचा अधिकार त्याने कोणास दिला आहे, असे आमच्या वाचनात नाही.

खरा कठीण प्रश्न पुढेच आहे. वजन वाढेना तेव्हा पोटास छिद्र पाडून नळीने थेट जठरात अन्न द्यावे, असे डॉक्टर सुचवितात; त्याने वजन सुधारते. या आईने अजून होकार दिलेला नाही. "आईने हात आखडला असे लोक म्हणतील," ती म्हणाली. आमच्या मते नळी हाही आईचाच हात. तथापि जिभेचे सुख काढून घेणे हलके नव्हे, हेही मान्य केले पाहिजे. गिळणे सुरक्षित आहे असे डॉक्टरांनी पाहिल्यास नळीबरोबर चार घास तोंडानेही देता येतात, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. मुलीस बोलता येत नाही. पण खिरीच्या वाटीवरून तिची दृष्टी हलत नव्हती.

सर्वांचे होईपर्यंत पंगतीतून कोणी उठू नये, हा आपला रिवाज. त्या दिवशी पंगत उठली तेव्हा मुलीचा भात निम्माही संपला नव्हता. दुसरी पंगत बसावयाची होती, म्हणून आईने तिला उचलून बाहेर ओट्यावर नेले.