पुलावर घर

माणूस ज्या साधनाच्या आधाराने एक टप्पा ओलांडतो, त्या साधनातच तो पुढे अडकून पडतो. घोडबंदर हे नावच पाहा. खाडीकाठच्या या बंदरात एके काळी घोड्यांचा व्यापार चालत असे आणि त्यावरून हे नाव पडले, असे मानले जाते. पोर्तुगिजांनी येथे किल्ला बांधला, मराठ्यांनी तो घेतला, पुढे इंग्रज आले. आज घोडे नाहीत, ते उतरवून घेणारी गलबतेही नाहीत. नाव तेवढे उरले आहे. आपला व्यापार अक्षय आहे असे त्या काळच्या व्यापाऱ्यांनाही वाटले असेल. आज त्याच घोडबंदर रोडच्या कडेने, जमिनीखालच्या पिवळ्या नळ्यांतून, दुसराच माल वाहतो आहे. तो आहे नैसर्गिक वायू. या मालाचेही दिवस मोजलेले असतील, तर तो वाहून नेणाऱ्याचे कर्तव्य काय? हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नाही. तो नीतीचा आहे.

हा वायू आपल्या घरी आणते ती महानगर गॅस लिमिटेड ही कंपनी १९९५ साली स्थापन झाली. भारत सरकारची गेल आणि ब्रिटिश गॅस यांनी ती उभारली. महाराष्ट्र शासनाचाही तीत वाटा आहे. ब्रिटिश गॅसचा हिस्सा कालांतराने शेल कंपनीकडे गेला आणि २०१९ साली शेलने तो विकून अंग काढून घेतले. आज गेलकडे ३२.५ टक्के आणि राज्य शासनाकडे १० टक्के भागभांडवल आहे. मुंबई, ठाणे, मीरा-भाईंदर, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली असा तिचा विस्तार असून वीस लाखांहून अधिक घरांत तिची नळी पोहोचली आहे.

या कामाचे मोल कमी लेखणे कृतघ्नपणाचे होईल. सिलिंडरसाठी नंबर लावून दिवस मोजणारी पिढी अजून हयात आहे. घरात नळीने वायू आला आणि गृहिणीची ती चिंता मिटली. रिक्षा आणि बसगाड्या सीएनजीवर धावू लागल्या, तेव्हा डिझेलच्या काजळीचा भारही हलका झाला. वीजनिर्मितीसाठी कोळशाऐवजी वायू जाळला, तर तेवढ्याच विजेमागे कार्बन डायऑक्साइड सुमारे निम्मा निघतो. म्हणूनच जगभर नैसर्गिक वायूला ‘संक्रमणकाळाचे इंधन’ म्हटले गेले. तो कोळसा-तेलाच्या काठावरून सूर्य-वाऱ्याच्या काठावर नेणारा पूल आहे, अशी ही कल्पना.

परंतु या पुलाला भेगा आहेत. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो जळला तर कोळशापेक्षा बरा. मात्र न जळता नळीतून, सांध्यातून किंवा विहिरीतून निसटला, तर वीस वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून अधिक उष्णता तो कोंडून ठेवतो. म्हणजे वायूचा चांगुलपणा नळी किती घट्ट आहे यावर ठरतो. दुसरे असे की, देशात लागणाऱ्या वायूपैकी निम्म्याच्या आसपास आपण परदेशातून द्रवरूपात आणतो. तो दहेज, दाभोळ अशा बंदरांत उतरतो. २०२२ साली युक्रेनच्या युद्धामुळे युरोप वाटेल त्या भावाने वायू घेऊ लागला, तेव्हा पाकिस्तान व बांगलादेशासारख्या देशांच्या वाट्याला अंधार आला आणि आपल्याकडे सीएनजीचे दर पुन्हा पुन्हा वाढले. दूरच्या रणभूमीचा चटका येथल्या रिक्षाचालकाला बसला.

मग कमी घातक म्हणून स्वीकारलेली गोष्ट किती काळ निर्दोष राहते? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात या प्रश्नाला थेट हात घातला आहे. कोळसा, तेल आणि त्यांच्याहून कमी प्रमाणात वायू, ही इंधने विलंब न लावता क्रमाक्रमाने बदलली पाहिजेत, असे ते सांगतात. नवीकरणीय ऊर्जा सर्वांच्या हाती येईपर्यंत कमी हानीचा पर्याय निवडणे समर्थनीय आहे, हेही ते मान्य करतात. ही दोन विधाने एकत्र वाचली पाहिजेत. दुसऱ्यातील सवलत पहिल्यातील कर्तव्याने बांधलेली आहे. ‘तूर्त’ या शब्दाला मुदत नसेल, तर तो शब्द सबब होतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी दूरदृष्टीला विवेकाचे अंग मानले आहे. समोरचे पाऊल ज्या ध्येयाकडे टाकायचे, ते ध्येय डोळ्यांपुढे नसेल तर ते पाऊल विवेकाचे नव्हे. फतेहपूर सिक्रीच्या बुलंद दरवाज्यावर ख्रिस्ताच्या नावाने एक वचन कोरलेले आहे. ते शुभवर्तमानांत सापडत नाही. पण जग हा पूल आहे, तो ओलांडावा, त्यावर घर बांधू नये, असा त्याचा आशय आहे. पुलावर उभे राहणे पाप नव्हे. पुलालाच पैलतीर समजणे ही चूक आहे.

भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय २०२१ साली जाहीर केले. आज जमिनीत पुरलेली नळी अनेक दशके टिकते. म्हणजे ती पुरताना आपण आपल्या नातवंडांच्या वाटचे निर्णय घेत असतो. अशा वेळी जाळे चालवणाऱ्या कंपनीपुढे तीन वाटा दिसतात. पहिली बायोगॅसची. केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये वाहने व घरे यांच्या वायूत संपीडित बायोगॅस मिसळण्याचे बंधन जाहीर केले. त्याचा आरंभ २०२५-२६ मध्ये एका टक्क्याने आणि २०२८-२९ पासून पाच टक्के असा तो क्रम आहे. दुसरी हायड्रोजनची. सुरतजवळ कवास येथे २०२३ पासून घरगुती वायूत हायड्रोजन मिसळण्याचा प्रयोग चालू झाला. मात्र हायड्रोजन घनफळाने वीस टक्के मिसळला, तरी कार्बनची बचत जेमतेम सात टक्के होते. कारण त्याच्या तेवढ्याच घनफळातील ऊर्जा मिथेनच्या सुमारे एकतृतीयांश असते. तिसरी वाट विजेची, म्हणजे नळीलाच वळसा घालणारी. महानगर गॅसने स्वतः विजेवरील तीनचाकी वाहने बनवणाऱ्या एका कंपनीत गुंतवणुकीचा निर्णय घेतला आहे. ज्याच्या पंपावर रिक्षांच्या रांगा लागतात, त्यालाही त्या रांगा कायम राहणार नाहीत याची जाणीव आहे, असेच म्हणावे लागेल.

जाळे बदलता येते, याचा दाखला इतिहासात आहे. ब्रिटनमध्ये १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत कोळशापासून काढलेला वायू बंद करून उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायू घरोघर देण्यात आला. त्यासाठी कर्मचाऱ्यांनी घराघरांत जाऊन कोट्यवधी शेगड्या व उपकरणे बदलली. त्याउलट नेदरलँड्सने १ जुलै २०१८ पासून नव्या घरांना वायूची जोडणी देणेच सामान्यतः थांबवले. एकाने नळीतील माल बदलला. दुसऱ्याने नळी न घालण्याचे ठरवले. दोन्हीकडे निर्णय उघडपणे झाला आणि लोकांना आधी सांगितला गेला.

येथे मला सर्वांत कठीण नैतिक प्रश्न दिसतो, तो शेवटच्या ग्राहकाचा. जाळ्याचा देखभालखर्च ग्राहक घटले म्हणून घटत नाही. उद्या घोडबंदर रोडवरील उंच इमारतींतील सधन कुटुंबे छतावर सौरपट्ट्या बसवून विजेच्या शेगड्यांकडे वळतील. मागे राहतील ते जुन्या चाळींतील भाडेकरू, निवृत्तिवेतनावर जगणारे वृद्ध, खानावळ चालवणाऱ्या विधवा. सगळ्या जाळ्याचा भार मग त्यांच्या बिलावर पडेल. डोंगराकडच्या पाड्यांवर चुलीत आजही लाकूड जळते. त्यांच्यापर्यंत तर पूल पोहोचलाच नाही. संक्रमण न्याय्य आहे की नाही, हे पुढे गेलेल्यांच्या वेगावरून ठरवता येत नाही. मागे राहिलेल्यांचे काय झाले, यावरून ते ठरते.

म्हणून जाळे चालवणाऱ्याकडून तीन गोष्टींची अपेक्षा करणे रास्त आहे. गळतीचा हिशेब लोकांपुढे मांडावा. नवी नळी पुरण्यापूर्वी ती किती काळासाठी, हे स्वतःला विचारावे. आणि कर्मचारी व शेवटचा ग्राहक यांच्यासाठी नफ्यातला वाटा आजच बाजूला काढावा. कंपनीत शासनाचा, म्हणजे आपला, दहावा हिस्सा आहे. तेव्हा हे विचारण्याचा आपल्याला अधिकारही आहे.

परंतु विचारणाऱ्याचे हातही स्वच्छ हवेत. बायोगॅससाठी ओला कचरा लागतो, तोही प्लास्टिक आणि काच न मिसळलेला. कल्याणच्या आधारवाडी कचराभूमीला लागणाऱ्या आगी या परिसराने वर्षानुवर्षे पाहिल्या. कुजणाऱ्या कचऱ्यातून निघणारा वायूही मिथेनच. नळीत आला तर अन्न शिजवतो, मोकळा सुटला तर हवा जाळतो. स्वयंपाकघरात नळीने काय येते याची आपण चौकशी करतो. डब्यातून काय बाहेर जाते याची करत नाही. आपली सोसायटी ओला-सुका कचरा खरोखर वेगळा करते का, हे प्रत्येक कुटुंबाने या आठवड्यात पाहावे.

शुभवर्तमानातील दृष्टान्तात एका सेवकाने धन्याने दिलेले धन जमिनीत पुरून ठेवले. ते हरवले नाही, तरी तो दोषी ठरला. कारण भीतीपोटी त्याने त्याचा उपयोगच केला नाही. आपल्या पायांखाली आज फार मोठे धन पुरलेले आहे: नळ्या, कौशल्य, आणि लाखो घरांचा विश्वास. ते नुसते राखणे पुरेसे नाही. धनी परत येईल तेव्हा नळ्या किती लांब होत्या हे तो विचारणार नाही. त्यांतून लोकांना कुठवर नेले, हे विचारील.