अंधबिंदू

कुमसाराला जाण्यापूर्वी आपण मनोमन उजळणी करतो. राग, खोटे बोलणे, चुकलेली रविवारची मिस्सा. वर्षानुवर्षे यादी तीच! नवे पाप आपल्या हातून घडत नाही असे थोडेच आहे? आपल्याला जे दिसते तेवढेच आपण तेथे घेऊन जातो.

डोळ्याच्या दृष्टिपटलावर, जेथून मज्जातंतू मेंदूकडे निघतो, तेथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. तेवढ्यापुरते आपण आंधळे असतो. तरीही समोर काळा डाग दिसत नाही. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो, आणि एकच डोळा उघडा असला तर मेंदू आजूबाजूचे रंग घेऊन ती रिकामी जागा गुपचूप सारवून टाकतो. मनाच्या या सारवणाचे काय करावे?

बार्तोलोमे द लास कासास १५०२ साली स्पेनहून हिस्पानिओला बेटावर आले. पुढे ते धर्मगुरू झाले, तरी मूळ रहिवाशांना वेठीस धरून शेती व खाणी चालवणाऱ्यांपैकीच ते एक होते. या कारणास्तव एका डॉमिनिकन धर्मगुरूने त्यांचा कुमसार ऐकण्याचे नाकारले. लास कासास यांनी वाद घातला आणि वेठीची माणसे तशीच ठेवली. ते क्रूर नव्हते; पण इतरांपेक्षा आपण बरे वागवतो, या समाधानाआड मूळ अन्याय झाकून गेला होता. १५१४ साली क्युबात पेन्टेकॉस्टच्या प्रवचनाची तयारी करताना बेन सिराच्या ग्रंथातील ३४ वा अध्याय त्यांच्यासमोर आला. गरिबाला लुबाडून केलेले अर्पण देवाला मान्य नाही, हा त्याचा आशय. या वेळी तो त्यांना टाळता आला नाही. त्यांनी आपली वेठीची माणसे सोडून दिली आणि उरलेले आयुष्य त्यांच्या न्यायासाठी वेचले.

येथेच थांबलो तर प्रवचनाला ही गोष्ट फार सोयीची. परंतु १५१६ साली याच लास कासास यांनी सुचवले, की मूळ रहिवाशांऐवजी आफ्रिकेतील गुलाम आणावेत! एक पडदा गळाला होता, त्यामागचा तसाच होता. वृद्धापकाळी लिहिलेल्या इतिहासात त्यांनी ही चूक कबूल केली आहे. आपले अज्ञान देवाच्या न्यायासनापुढे सबब ठरेल की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

आमच्या घरी लावणीला आदिवासी बाया येत. त्यांच्या चहाचे पेले मागच्या पडवीत वेगळे उपडे घातलेले असत. लहानपणापासून आम्ही ते पाहत आलो, आणि समतेवर भाषणेही करीत आलो. नव्या सुनेने एकदा सहज विचारले, ''बाबा, हे पेले वेगळे का?''

''त्यांना तशीच सवय आहे,'' आम्ही म्हणालो. उत्तर शोधावे लागलेच नाही. ते इतक्या चटकन तोंडी आले, की रात्री अंथरुणावर पडल्यावर त्या चटकनपणाचेच आम्हाला भय वाटले.