न झालेल्या आरमाराची क्रूझर

गेल्या पावसाळ्यात आमचा भाचा पंधरा दिवस आमच्याकडे राहावयास आला होता. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा आटोपलेली, बाहेर पावसाची झड, आणि जेवणाच्या टेबलावर आलेख-कागदांची भेंडोळी. दोन दिवस आम्हांला वाटले, महाविद्यालयाचेच काही काम असेल. तिसऱ्या दिवशी चहाचा कप ठेवायला जागा मिळेना तेव्हा विचारले. उत्तर मिळाले, “मामा, ही हलकी क्रूझर आहे. १९३० सालची. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या आरमारासाठी.”

ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य १९१८ साली मोडले आणि त्याबरोबर त्याचा समुद्रकिनाराही गेला, एवढा इतिहास आम्हांलाही ठाऊक आहे. ‘साउंड ऑफ म्युझिक’ ह्या चित्रपटातले कॅप्टन फॉन ट्रॅप आमच्या वाचकांना आठवत असतील. ते खरोखरच त्या आरमारातील पाणबुडीचे कप्तान होते आणि पुढे समुद्र नसलेल्या देशात राहिले. मग १९३० साली हे आरमार आले कोठून? भाच्याने शांतपणे सांगितले, की सम्राट कार्ल ह्यांचा १९१७ सालचा शांततेचा प्रयत्न यशस्वी झाला असे त्याने धरले आहे. युद्ध दीड वर्ष आधी थांबले, साम्राज्य वाचले, पोलाचा नाविक तळ वाचला. त्या वाचलेल्या आरमाराला पुढे जी नवी क्रूझर लागली असती, तिचा हा आराखडा.

आम्ही चटकन विचारून गेलो, “शांतता झाली असे धरलेस ना? मग क्रूझर कशाला?”

भाचा नुसता हसला. प्रश्न मात्र आमच्याच मागे लागला.

‘असे झाले असते तर’ हा खेळ पोरकट आहे असे आम्ही मानीत नाही. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा ज्यांनी वाचली आहे त्यांना विश्वासरावाला चुकलेली एक गोळी केवढा इतिहास फिरवू शकते हे ठाऊक आहे. १९३१ साली इंग्लंडात अशाच लेखांचा एक संग्रह निघाला. त्यात चर्चिल होते, तसेच चेस्टरटन आणि बेलॉक हे दोन नामांकित कॅथॉलिक लेखकही होते. ह्यात आम्हांला नवल वाटत नाही. पापनिवेदनापूर्वी आपण जो आत्मपरीक्षणाचा प्रयत्न करतो, त्याच्या मुळाशी हीच कल्पना नाही काय? जे घडले ते टळूच शकत नव्हते, असे असते तर पश्चात्तापाला अर्थच उरला नसता.

आणि १९१७ साली शांतता खरोखर टळण्यासारखी नव्हती. मार्च महिन्यात तरुण सम्राट कार्ल ह्यांनी आपले मेहुणे राजपुत्र सिक्स्टस ह्यांच्या हाती फ्रान्सला गुप्त पत्र पाठविले. १ ऑगस्ट रोजी पोप बेनेडिक्ट पंधरावे ह्यांनी लढणाऱ्या सर्व राष्ट्रांना शांततेचे आवाहन केले. शस्त्रांमध्ये सर्वांनी एकाच वेळी कपात करावी, तंटे लवादाने मिटवावेत, समुद्र सर्वांना मोकळे असावेत, असे त्यात होते. कोणी ऐकले नाही. १९१८ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सच्या क्लेमान्सो ह्यांनी सम्राटांचे पत्र उघड केले, तेव्हा सम्राटांनी ते नाकारले. पत्र खरे होते. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी २००४ साली कार्ल ह्यांना ‘धन्य’ म्हणून घोषित केले. ह्या उणिवेसकट आम्ही त्यांना मानतो. उणीव झाकून मानणे आम्हांला जमत नाही.

तर भाच्याने हे आवाहन ऐकले गेले असे एक जग निर्माण केले, आणि त्या जगात पहिली वस्तू घडविली ती युद्धनौका.

हलकी क्रूझर म्हणजे काय, हे मुंबईच्या जुन्या लोकांना वेगळे सांगावयास नको. आपल्या नौदलाची ‘दिल्ली’ आणि ‘म्हैसूर’ ही जहाजे ह्याच जातीची, दोन्ही ब्रिटनकडून घेतलेली. ‘दिल्ली’ १९७८ पर्यंत आणि ‘म्हैसूर’ १९८५ पर्यंत सेवेत होती. १९६१ च्या डिसेंबरात गोवामुक्तीच्या वेळी ‘दिल्ली’ दीवपाशी होती आणि ‘म्हैसूर’ अंजदीव बेटापाशी. त्या लहानशा बेटावर आपले सात नौसैनिक पडले. मोठ्या युद्धनौकेपेक्षा लहान, विनाशिकेपेक्षा मोठी, साधारण सहा इंची तोफा, आणि वेग भरपूर, असे हे जहाज. १९३० च्या लंडन करारात १५५ मिलिमीटरपर्यंतच्या तोफांची क्रूझर ती हलकी, अशी रेषाच आखून दिली होती.

दुपारी पाऊस थांबला नाही म्हणून आम्ही भाच्याशेजारी बसलो, आणि हळूहळू ह्या कामाची गंमत कळू लागली. जहाजाचे एकूण वजन त्याने ६,५०० टन ठरविले होते. त्यातच सारे बसवावयाचे. तोफा वाढविल्या की कोठीत दारूगोळा वाढतो. वेग वाढविला की बॉयलर वाढतात. आणि वेग एक दशांशाने वाढवावयाचा तर यंत्रांची शक्ती सुमारे एक तृतीयांशाने वाढवावी लागते. एड्रियाटिक समुद्र अरुंद, तळ जवळ, म्हणून इंधन कमी ठेवले तरी चालेल. तेवढीच सूट. एका बाजूने दिले की दुसऱ्या बाजूने काढून घ्यावयाचे. संसारी माणसाला हे गणित नवे नाही.

त्याच्या पहिल्या आराखड्यात वेग ३६ नॉट होता आणि बाजूंचे चिलखत अवघे २४ मिलिमीटर. इतके पातळ का, म्हणून विचारले, तर म्हणाला, “इटलीच्या क्रूझर तशाच होत्या, मामा. त्यांना गाठायचे तर तेवढाच वेग हवा.”

हे खरे आहे. इटलीने १९२८ साली बांधावयास घेतलेल्या ‘आल्बेर्तो दि जुस्सानो’च्या वर्गातील क्रूझर वेगासाठी जगभर वाखाणल्या गेल्या. ‘आल्बेरिको दा बार्बियानो’ने चाचणीत ४२ नॉट गाठले. चिलखत तेवढेच, २४ मिलिमीटर. १३ डिसेंबर १९४१ च्या पहाटे, ट्युनिशियाच्या केप बॉनपाशी, विमानांच्या पेट्रोलचे पिंप घेऊन निघालेल्या ह्या दोन भगिनी-नौकांना चार विनाशिकांनी गाठले. काही मिनिटांत दोन्ही जहाजे पेटली. आठशेंहून अधिक माणसे मेली. पिंप लादले नसते तर, पाणतीर चुकले असते तर, हे सारे म्हणता येईल, आणि चिलखत जाड असते तरी पाणतीरापुढे ते फारसे टिकले नसते हेही खरे. पण जहाज रेखाटणाऱ्याने कोठे तरी, कोण्या एका टेबलावर, माणसांपेक्षा वेगाला वजन दिले होते.

आम्ही भाच्याकडे वजनांचा तक्ता मागितला. त्यात एक ओळ होती: ‘खलाशी ५४०, सामानासह, ६५ टन.’ म्हणजे जहाजाच्या वजनाचा एक टक्का. मग चिलखताचा हिशेब केला. शंभर मीटर लांब, चार मीटर उंच पट्टा, दोन्ही बाजूंना. २४ मिलिमीटरचा धरला तर सुमारे १५० टन, ६० मिलिमीटरचा धरला तर ३७५ टन. फरक सव्वादोनशे टनांचा. ६० हा आकडा आम्ही मनाने काढला नव्हता. त्या साम्राज्याच्या ‘नोवारा’ वर्गाच्या, महायुद्धात लढलेल्या खऱ्या क्रूझरांचे चिलखत तेवढे होते, आणि त्या भाच्याच्या जहाजापेक्षा पुष्कळच लहान होत्या. भाचा गप्प झाला. कागदावरचे खलाशी बुडत नाहीत हे त्यालाही माहीत होते आणि आम्हांलाही. तरीही त्याने पेन्सिल खाली ठेवली.

येथे कोणी म्हणेल, ह्या कागदी जहाजाने कोणाचे वाकडे केले? कोणाचेच नाही. त्यात पाप शोधण्याइतके आम्ही कडवे नाही. पण कल्पनेत माणूस पूर्ण मोकळा असतो. तेथे तो राजे वाचवू शकतो, सीमा हलवू शकतो, पोपमहोदयांचे आवाहन सफल करू शकतो. अशा वेळी जे त्याने जसेच्या तसे ठेवले, ते त्याच्या मनात सर्वांत घट्ट रुजलेले असते. भाच्याने सारे बदलले. शत्रू मात्र जागच्या जागी ठेवला. क्रूझरच्या प्रत्येक मापामागे इटलीचे जहाज उभे होते. शत्रूवाचून आराखड्याला मापच मिळत नव्हते.

हे आम्ही त्याला बोलून दाखविले. त्याचे उत्तर आम्ही येथे प्रामाणिकपणे देतो, कारण त्याने आम्हांला थोडे हलविले. “पोपनी शस्त्रे टाका म्हटले नव्हते, मामा. तुम्हीच वाचून दाखवलेत. कमी करा म्हटले होते, सगळ्यांनी मिळून. मी ६,५०० टनांवर थांबलो ते म्हणूनच. १९१५ साली इटलीला लंडनमध्ये जी जमीन कबूल केली होती, ती माझ्या जगात तिला मिळाली नसती. ती रागावलेलीच राहिली असती. शांतता म्हणजे सगळे गोडच, असे थोडेच असते?”

लूककृत शुभवर्तमानातील दोन दाखले आम्हांला आठवले. एक बुरूज बांधण्यापूर्वी खर्च मोजणाऱ्याचा, आणि त्याला लागूनच दुसरा, दहा हजार सैन्यानिशी वीस हजारांना तोंड देता येईल काय ह्याचा विचार करणाऱ्या राजाचा. प्रभूने ते दिले शिष्यत्वाची किंमत समजावण्यासाठी, हे खरे; पण त्या राजाचा हिशेब त्याला लढाईकडे नेत नाही, तहाचा दूत पाठविण्याकडे नेतो, इकडे आमचे पूर्वी लक्ष गेले नव्हते. १९२२ चा वॉशिंग्टन करार, १९३० चा लंडन करार, ही अशाच मोजदादीची फळे. ती टिकली नाहीत. तरी टनांत मोजलेली शांतता ही शांतताच नव्हे, असे आता आम्ही म्हणणार नाही.

तथापि शत्रू जागेवर राहिला तरी तो माणूस आहे हे आराखड्यात कोठे लिहावयाचे? १५ मे १९१७ च्या पहाटे ‘नोवारा’, ‘हेल्गोलांड’ आणि ‘सैदा’ ह्या तीन क्रूझर ओत्रांतोच्या सामुद्रधुनीत शिरल्या. तेथे ब्रिटनच्या मासेमारी बोटी पाणबुड्यांसाठी जाळी लावून बसल्या होत्या. बोटी मासेमारीच्या आणि त्यांवरची बरीच माणसेही मूळची कोळीच. ऑस्ट्रियाच्या नौकांनी आधी इशारा देऊन त्यांना बोटी सोडावयास वेळ दिला, मग तोफा डागल्या. चौदा बोटी बुडाल्या; बहात्तर माणसे पाण्यातून उचलून कैद केली गेली. पाणी कापणारी कोठलीही नौका पाहिली की आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला आधी जाळ्यांची आठवण होते, म्हणून असेल, ही हकीकत आमच्या मनातून जात नाही.

त्याच आरमारात १ फेब्रुवारी १९१८ रोजी कात्तारोच्या खाडीत खलाशांनी लाल बावटे उभारले. त्यांच्या मागण्यांत चांगले अन्न होते आणि शांततेची बोलणीही होती. दहा दिवसांनी त्यांतील चौघांना गोळ्या घातल्या. सम्राटांच्या पत्रात आणि पोपमहोदयांच्या आवाहनात जे होते, तेच त्यांनी मागितले होते. भाच्याच्या जगात त्या चौघांना मरावे लागले नसते. हे आम्ही म्हणालो तेव्हा तो चमकला. हे त्याच्या ध्यानात आले नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर त्या संध्याकाळपर्यंत आमच्याही नव्हते.

जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने सुधारलेला आराखडा दाखविला. चिलखत ६० मिलिमीटर, चार पाणतीर-नळ्या कमी, वेग ३३ नॉट. वेगाविषयी तो अजून कुरकुरत होता. होड्या वाढविल्या होत्या, त्या आम्ही न सांगता. फक्त नावाची जागा कोरी होती. त्या आरमाराच्या तिन्ही खऱ्या क्रूझरांची नावे लढायांवरून ठेवलेली होती: नोवारा १८४९ ची, सैदा १८४० ची, हेल्गोलांड १८६४ ची. “१९१७ नंतर माझ्याकडे लढाईच नाही, मामा,” तो म्हणाला, आणि कागद गुंडाळून पिशवीत घातले.