पाऊस कुणाचा?

जुलैतल्या एखाद्या रविवारी लोणावळ्यात भिजून परत निघालो, की कामशेतपर्यंत पाऊस सोबत असतो. देहूरोडला तो विरळ होतो आणि निगडीत कधीकधी रस्ता कोरडाच असतो. समुद्राकडून आलेले ढग सह्याद्री चढतानाच बरेचसे रिते होतात. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त, आपल्याकडे सात-आठशेच्या आसपास. आपण पर्जन्यछायेत राहतो.

तरी नळाला पाणी येतं. मावळातला पाऊस पवना धरणात साठतो, नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतो आणि तिथून उचलला जातो. हेच पाणी बंद जलवाहिनीतून थेट निगडीला आणायचं ठरलं, तेव्हा मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ, एक्सप्रेसवेवर, पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले.

पाऊस कुणाच्या मालकीचा नसतो, असं आपण सहज म्हणतो. पण हे वाक्य पाणी मिळणाऱ्याच्या फायद्याचं आहे. मग सगळा पाऊस मावळाचाच का? तेही पटत नाही. नोव्हेंबर २०१९पासून शहराला एक दिवसाआड पाणी मिळू लागलं. इथला कामगारही तहानलेलाच आहे, आणि मावळातली पोरंही इथल्या कंपन्यांत कामाला येतात.

मला वाटतं, गरज असली तर पाणी मागता येतं. हक्क सांगायचा, तर ज्यांच्या जमिनी धरणाखाली गेल्या त्यांचं देणं आधी फेडावं लागतं. त्यांचा पुनर्वसनाचा लढा कित्येक दशकं चालला. तेवढी वर्षं आपण टाक्या भरत होतो.