पेवातली हळद

बर्कली नावाच्या एका आयरिश तत्त्वज्ञाने १७१० साली लिहून ठेवलं की, वस्तूचं असणं म्हणजे ती कुणाला तरी जाणवणं. कॉलेजात हे वाचलं आणि सुटीला आष्ट्याला उतरलो तो तत्त्वज्ञ होऊनच. पहिलं गिऱ्हाईक अर्थात आजोबा.

"आबा, आपली हळद हरिपूरच्या पेवात आहे कशावरून? दिसते का?"

"दिसाय लागली तर किडंल की, लेका!"

सांगलीजवळचं हे हरिपूर कृष्णा-वारणेच्या संगमावर. तिथली पेवं प्रसिद्ध. जमिनीत खोल खड्डा; तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मात्र रांजणासारखं. हळद भरायची, तोंड मातीनं बंद करायचं आणि भाव येईपर्यंत विसरायचं. आत हवा नाही, म्हणून कीड नाही. थोडक्यात, कुणी बघत नाही म्हणूनच ती टिकते!

बरं, खात्री करायला उतरावं, तर पेव उघडल्यावर काही तास थांबावं लागतं. मग कंदील सोडायचा. तो विझला तर अजून थांबायचं. घाईनं उतरलेला माणूसच 'आहे'चा 'होता' होतो, हळद असतेच.

बर्कलीसाहेबांनाही ही अडचण सुचली असावी. आपण पाहत नसलो तरी देव पाहतो, असा त्यांनी तोडगा काढला. ते पुढं बिशप झाले, यात नवल नाही. आबांचा तोडगा सोपा होता : व्यापाऱ्याची पावती. ती ते देव्हाऱ्यातच ठेवत.

२००५ साली कृष्णेचा पूर हरिपूरच्या पेवांत शिरला. आत कुणी पाहिलेलं काही आहे का, हे पाण्यानं विचारलं नाही. वर्षानुवर्षं न दिसलेली हळद नासली, आणि ते नुकसान चांगलं डोळ्यांना दिसण्याजोगं होतं.

ती बातमी वाचताना मला आबा आठवायला हवे होते, आठवली आजी. आमची पंगत उठल्यावर ती शेवटी जेवायची. भाकरी संपल्या असल्या की म्हणायची, "मला आज भूकच न्हाई बग." आम्ही 'बरं' म्हणून हात धुवायचो. तिची भूक आम्हांला कधी दिसली नाही. तेव्हा ती नसणारच, असं सगळ्यांनी धरलेलं.

म्हणजे बर्कली वाचण्याआधीच मी त्याचा पक्का शिष्य होतो. हळदीच्या बाबतीत शंका काढत बसलो आणि जिथं डोकावून बघायला कंदीलसुद्धा लागत नव्हता, त्या स्वयंपाकघरात एकदाही डोकावलो नाही.