पांढऱ्याची काडी

लंडनजवळ विम्बल्डनला राणी हेन्रिएटा मरियाची बाग होती. राजा पहिल्या चार्ल्सने १६३९ मध्ये ती जागा तिच्यासाठी घेतली होती. तिथे रोझमेरी आणि सतापाच्या जोडीला पांढऱ्या लव्हेंडरचे भलेमोठे ताटवे होते. ते राखणाऱ्या एका म्हाताऱ्या माळ्याची ही गोष्ट.

जांभळा लव्हेंडर सुकला तरी शोभतो. पांढऱ्याची फुलं सुकताच तपकिरी पडतात. म्हणून बहर ओसरताच माळी कात्री घेऊन बसे. जून लाकडाला धक्का लावत नसे, कारण तिथून नवी फूट क्वचितच येते.

शेजारची एक पाववाली दरवर्षी कुंपणाशी येऊन काडी मागे. “राणीसाहेबांचं झाड आहे, बाई,” असं म्हणून माळी तिला मूठभर बी देई. ती हौसेने पेरी. रोपं वाढत आणि फुलं येत जांभळी! असंच होणार, हे माळ्याला पक्कं ठाऊक होतं. मधमाश्या जांभळ्याचे पराग पांढऱ्यावर आणतात, त्यामुळे बियांचा भरवसा नसतो. पांढरा हवा तर पांढऱ्याचीच काडी रोवायला हवी.

१६४९ च्या जानेवारीत राजाचा शिरच्छेद झाला. राणी त्याआधीच फ्रान्सला गेली होती. नोव्हेंबरात पार्लमेंटची माणसं, बाग विकायची म्हणून, तिची मोजदाद करायला आली. संत्र्यांपाशी ती रेंगाळली. झाडामागे दहा पौंड किंमत धरली. लव्हेंडर रोझमेरी-सतापाबरोबर एका ओळीत आटोपला. नवा मालक काय ठेवील, काय उपटील, कोण सांगणार?

त्या संध्याकाळी माळी पाववालीच्या दारात उभा राहिला. हातातल्या ओल्या फडक्यात बोटभर लांबीच्या काड्या होत्या.

“हंगाम उलटलाय. या उन्हाळा सरताना लावायच्या. खालची पानं काढ, वाळूमिश्रित मातीत रोव, पाणी साचू देऊ नकोस.”

“इतकी वर्षं का नाही दिल्यात?”

माळ्याला उत्तर सुचलं नाही.

दोन उन्हाळ्यांनी, बागेतलं काम सुटल्यावर, तो पुन्हा तिच्याकडे आला. “किती जगल्या?”

“तीन. त्यातली दोन रोपं देऊन टाकली. एक गिरणीवाल्याला, एक चर्चच्या आवारात.”

“अगं, आधी आपलं तरी नीट मोठं होऊ द्यायचं!”

“तुमचं मोठं झालं होतं की, बाबा. तिसऱ्याच्या काड्या तुमच्यासाठी ठेवल्यात. फडकं आणलंय का?”